कोल्हापूरची रात्र साडेसातला सुरू होते

निपाणी-बेळगावहून कामाला आलेला असो, गोव्याहून परतणारा असो की पुण्याहून शनिवार-रविवार काढून आलेला असो, पाहुणा कोल्हापुरात एक चूक हमखास करतो. लॉजवर बॅग टाकतो, अंघोळ करतो, जरा पडतो आणि साडेनऊला खाली येऊन विचारतो, "आता कुठं जायचं?" तोवर शहर आवरायला लागलेलं असतं. खानावळीत शेवटची पंगत बसलेली असते, भेळेच्या गाडीवर चिंचेचं पाणी तळाला गेलेलं असतं आणि परमिट रूममधला पोऱ्या घड्याळाकडे बघत असतो. मग पाहुणा गावी जाऊन सांगतो की कोल्हापुरात रात्री काही नाही. असतं, पण त्याची वेळ आधीची आहे.

म्हणून हे परीक्षण एका हॉटेलाचं नाही. संध्याकाळी साडेसहा ते मध्यरात्र या वेळात, कमी पैशात, खाणं-पिणं उरकून लॉजवर परतेपर्यंत हे शहर कसं वागवतं, त्याचा हा हिशोब आहे. गुण आधीच सांगून टाकतो. खाण्याला दहापैकी नऊ. पिण्याला पाच. रात्री बारानंतर दोन, आणि तेही हायवेवरच्या ढाब्यांमुळे. क्लब, डिस्को, पहाटेपर्यंत चालणारं संगीत असलं काही डोक्यात धरून आला असाल तर गाडी तशीच पुढे गोव्याकडे न्या.

सुरुवात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर करा. म्हशी रस्त्याकडेला उभ्या असतात आणि धार थेट ग्लासात पडते. पहाटे आणि संध्याकाळी, अशा दोनच वेळा. रात्री उशिरा गेलात तर तिथं फक्त शेणाचा वास असतो. ग्लास भरून वर आलेला दिसतो, पण त्यात बराचसा फेस. घाई न करता मिनिटभर थांबा, फेस बसू द्या, मग ग्लास पुढे करा. वरून आणखी एक धार मिळायला हरकत नसते, मागायला मात्र लागते. हे दूध न तापवलेलं असतं हे विसरू नका. तालमीतल्या पोरांना ते पचतं. ज्यांचं पोट डेअरीच्या पिशवीवर पोसलंय त्यांनी अर्ध्या ग्लासावर थांबावं, आणि त्याच संध्याकाळी वर दारू ओतायचा बेत असेल तर अजिबात घेऊ नये. रात्र बाथरूममध्ये जाते.

तिथून रंकाळा जवळ आहे. चौपाटीवर भेळ, कणसं, पाणीपुरी सगळं मिळतं, वारा छान असतो, पण भेळच खायची असेल तर खासबाग मैदानाकडे या. शाहू महाराजांनी बांधलेल्या कुस्तीच्या मैदानाला लागून खाण्याच्या गाड्यांची रांग असते आणि राजाभाऊंच्या भेळेचं नाव शहरात कुणालाही विचारा. कोल्हापुरी भेळेत मुंबईसारखा शेव-पुरीचा डोंगर नसतो. भडंगाला लावलेला लसणीचा मसाला, बारीक कांदा, कैरी असेल त्या दिवसांत कैरी, आणि पाणी अगदी बेताचं. भेळ हातात आल्यावर तीन मिनिटांत संपवायची असते, नाहीतर चुरमुरे मऊ पडतात. फोटो काढत बसणाऱ्यांची भेळ कायम गिळगिळीत असते, त्यात गाडीवाल्याचा दोष नाही. एक भेळ दोघांत घ्या. पुढे जेवायचंय.

आता मुख्य विषय. मटणाचं ताट.

खानावळ कुठली, हा प्रश्न रिक्षावाल्याला विचारू नका. स्टँडवर "पावणं, चांगलं जेवण दावतो" म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. त्याला तिथून काहीतरी सुटत असतं. लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, स्टेशन रोड, ताराबाई पार्क या भागांत पायी फिरलात तर अर्ध्या तासात चार-पाच खानावळी दिसतात. पद्मा गेस्ट हाऊस किंवा ओपल ही नावं पाहुण्यांना आधीच माहीत असतात. पण बिनानावाच्या खानावळीत जायचं असेल तर पारखायचं कसं, ते कळलेलं बरं.

ताटात साधारण सुकं मटण, खिम्याची किंवा अळणी मटणाची वाटी, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी किंवा चपाती, थोडा भात, कांदा-लिंबू. मटणाचे तुकडे मोजून असतात, रस्सा पोटभर असतो. इथंच पाहुण्याचा पहिला घोटाळा होतो. रस्सा आणणारा पोरगा किटली घेऊन फिरत असतो आणि "वाढू काय?" एवढंच विचारतो. पाहुण्याला वाटतं, जास्तीचे पैसे लावतील, आणि तो नको म्हणतो. बहुतेक मटण ताटांत रस्सा हवा तेवढा मिळतो; जादा सुकं, जादा खिमा आणि कधी जादा भाकरी यांचे पैसे वेगळे. बसतानाच एकदा विचारून घ्या: "रस्सा कितीबी हाय न्हवं?" उत्तर हसून येतं.

पारख पांढऱ्यावर करायची. तांबडा चुकला तरी तिखटात झाकला जातो, पांढऱ्याला लपायला जागा नसते. मटण शिजवलेलं अळणी पाणी, त्यात ओल्या नारळाचं दूध, वाटलेली खसखस, तीळ किंवा काजू, आणि मिरी, लवंग, दालचिनी यांचा वास. तिखट असतं, पण ते मिरीचं. वाटी नाकाशी धरल्यावर आधी मटणाचा वास यायला हवा, मग नारळाचा. नुसता नारळ आला तर अळणी पाणी कमी आणि नळाचं पाणी जास्त. चमचा बुडवून उलटा करा. पाठीवर पातळ साय धरल्यासारखा थर राहिला की ठीक. खळीसारखा जाड, चकचकीत थर राहिला की कॉर्नफ्लॉवर घातलंय. आणि वर बारीक पांढरे कण तरंगत असतील तर तो फाटलाय. नारळाचं दूध घातल्यावर रस्सा खळाखळा उकळत ठेवला की फाटतो, आणि संध्याकाळी सातला केलेला पांढरा साडेदहापर्यंत मंद आचेवर ठेवूनही हेच होतं. उशिरा जाणाऱ्याच्या वाटीत तो येतो. साडेसातला बसा, आठपर्यंत बसा, पण नवाच्या आत.

तांबड्याबद्दल बाहेर फार गैरसमज आहे. तो जाळ नसतो. कांदा-लसूण चटणी, भाजलेलं सुकं खोबरं, तीळ, खसखस यांच्या वाटणावर तो उभा असतो आणि त्याचा रंग मिरचीचा असतो, डब्यातल्या रंगाचा नाही. ओळख सोपी: वर आलेलं तेल वाटीच्या कडेला रेघेसारखं वेगळं दिसतं आणि बोट पुसल्यावर डाग पिवळट-तांबूस राहतो. बोट गुलाबी झालं तर समजून जा. आधी दोन वाट्या पांढरा प्यायचा, मग तांबडा भाकरीशी, आणि शेवटी भातावर दोन्ही मिसळून घेतलं तरी कुणी हसत नाही. तिखट लागलं तर पाणी पिऊ नका, पांढरा प्या. तो त्यासाठीच शेजारी ठेवलाय असं वाटावं इतकं ते जमतं.

साध्या खानावळीतलं मटण ताट आणि एसी हॉटेलातलं ताट यांच्या बिलात दीडपट-दुपटीचा फरक पडतो. रश्शात तेवढा पडत नाही. पैसे कमी असतील तर ताट घेऊच नका. खिमा-चपाती किंवा रस्सा-भाकरी सुटी मिळते. आणखी खाली उतरायचं असेल तर रक्ती-मुंडी, वजडी, पाया (म्हणजे बोकडाचं रक्त, डोकं, आतडी आणि पाय) हे लक्ष्मीपुरीच्या बाजूला विचारा. ज्याला जमतं त्याला जमतं. ते ताजं असेल तरच खावं, म्हणजे संध्याकाळी लवकरच. वार पण बघा. बुधवारी आणि शुक्रवारी मटणाला जोर असतो. रविवार हा जोतिबाचा वार, त्या दिवशी काही घरांत मटण शिजत नाही. पण पाहुण्यांची गर्दी नेमकी रविवारी. श्रावणात काही खानावळी बंद असतात, उघड्या असतील तिथं रस्सा निम्म्या जोरावर असतो. आणि मटणाच्या दराबद्दल इथं चेष्टा करू नका. २०१९ च्या अखेरीस दर वाढले म्हणून हे शहर आंदोलनाला उतरलं होतं.

शाकाहारी पाहुण्याला एकच सांगणं: मेनू कार्डावरचं "व्हेज कोल्हापुरी" मागवू नका. ते इथल्या घरात कुणी करत नाही, देशभरच्या हॉटेलांनी पाडलेलं नाव आहे. अख्खा मसूर आणि रोटी घ्या. स्वस्त, पोटभर, आणि लसणीची फोडणी बरोबर पडली तर मटणवाल्याच्या ताटाकडे बघायचं कारण राहत नाही. नाहीतर संध्याकाळी लागणाऱ्या गाड्यांवरचा दावणगिरी लोणी डोसा. सीमेपलीकडून आलेला हा डोसा कोल्हापूरने इतका आपलासा केलाय की तो कानडी आहे हे पोरांना सांगावं लागतं. लोण्याचा गोळा तव्यावर पडतो की डोसा ताटात आल्यावर वर ठेवतात, ते बघा. वर ठेवलेला असेल तर लोणी किती ते दिसतं.

आता पिण्याचं.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, म्हणून बारला इथं परमिट रूम म्हणतात. बिअर आणि वाईनसाठी वय २१, बाकी कडक दारूसाठी २५. चेहरा कोवळा दिसत असेल तर आधार जवळ ठेवा. कायद्याने पिणाऱ्याकडे परवाना लागतो: विदेशी दारूसाठी एका दिवसाचा ५ रुपये, देशीसाठी २, वर्षाचा १००, आजीवन १०००. एका दिवसाचा परवाना परमिट रूममध्येच फाडून मिळतो. बिलात पाच रुपये जास्त दिसले तर भांडू नका, ते याचे असतात. उलट मागून घ्या, बाहेर कुणी अडवलं तर तो कागद कामाला येतो.

पेगचा हिशोब तोंडपाठ करा. क्वार्टर १८० मिली, म्हणजे ६० चे तीन लार्ज किंवा ३० चे सहा स्मॉल. निप ९० मिली, म्हणजे दीड लार्ज. जून २०२५ मध्ये राज्याने उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा १८० मिलीची किमान किंमत देशीला ८०, महाराष्ट्रात धान्यापासून बनणाऱ्या नव्या प्रकाराला १४८, भारतीय बनावटीच्या विदेशी दारूला २०५ आणि प्रीमियम विदेशीला ३६० रुपये ठरली. म्हणजे वाईन शॉपमध्येच विदेशी दारूचा सगळ्यात साधा लार्ज जवळपास ६८ रुपयांना पडतो. परमिट रूमवाला त्याच्यावर भाडं, लायसन्स, पोऱ्यांचे पगार काढणार. त्यामुळे साठ-सत्तरला "ब्रँडेड लार्ज" देतो म्हणणारा एक तर माप मारतोय नाहीतर बाटलीत दुसरं काही आहे. दोघं-तिघं असाल तर सुटे पेग घेऊ नका. सीलबंद क्वार्टर टेबलावर आणायला सांगा, सील आपल्यासमोर तुटू द्या. एकटे असाल तर पेग मापानं ओततात की अंदाजानं, एवढं पहिल्या पेगला बघा. दुसऱ्यापासून बघण्यात अर्थ नसतो.

बिलात दोन कर वेगळे दिसले पाहिजेत: दारूवर व्हॅट, खाण्यावर पाच टक्के जीएसटी. दारूच्या रकमेवर जीएसटी लावला असेल तर दाखवून द्या, दारू जीएसटीत येतच नाही. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे, नको म्हटलं की काढावा लागतो. चकण्याबद्दल मात्र कोल्हापूर उदार आहे. शेंगदाणे, भडंग, उकडलेले मूग असं काहीतरी न मागता येतं. मसाला पापड आणि चकली आली की विचारा, त्यांचे पैसे बहुतेक लागतात. परमिट रूममध्ये जेवायला मात्र बसू नका. तिथलं सुकं चकणा म्हणून चालतं, रस्सा चालत नाही. दारूबरोबर कुणी रस्सा मागत नाही, म्हणून तो सकाळचा असतो. म्हणून क्रम असा ठेवा: सातला परमिट रूम, पावणेनऊला उठायचं, नवाच्या आत खानावळीत. उलटं केलं तर पांढरा गाठता येईल, पण वर दारू बसत नाही. पाहुण्यांना "फॅमिली रूम" आणि बाहेरची खोली यांतला फरकही माहीत असू द्या: बायका-मुलं बरोबर असतील तर "फॅमिली कुठं बसवताय?" असं दारातच विचारायचं. सगळ्याच परमिट रूममध्ये ती सोय नसते.

एक गंमत. "कॉकटेल" मागितलं तर कोल्हापुरात बऱ्याच दुकानांत उंच ग्लासात आइस्क्रीम, फळं, सुकामेवा आणि जेली येते. "कोल्ड्रिंक" म्हणजे बहुतेक दूध कोल्ड्रिंक. बारमध्ये जायचं नसलेल्यांना रात्री दहापर्यंत हीच खरी नाइटलाइफ आहे, आणि मिरजकर तिकटी-बिंदू चौक पट्ट्यात दुचाकी लावायला जागा मिळत नाही ती याच गर्दीमुळे.

गोव्याहून येणाऱ्यांनी हा परिच्छेद नीट वाचावा. गोव्याची बाटली तिथं स्वस्त असते, पण तिच्यावर ती फक्त गोव्यात विकायची असं छापलेलं असतं, आणि ती परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. आंबोली, फोंडा घाट, राधानगरी, गगनबावडा या वाटांवर उत्पादन शुल्कचे लोक गाड्या अडवतात. "घरी पिण्यासाठी एकच" हे तिथं चालत नाही. बाटलीबरोबर गाडीही अडकू शकते आणि सोडवायला कोर्टाची फेरी लागते. कर्नाटकच्या बाटलीचंही तसंच. कागल ओलांडून निपाणीहून आणलेली क्वार्टर वाचवते थोडे पैसे आणि घालवते एक दिवस. रंकाळ्याच्या काठावर पिशवी उघडून बसणं हाही गुन्हाच, आणि तिथं गस्त असते.

ड्राय डे तारखेबरोबर पंचांगातही बघायचे. १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ठरलेले. आषाढी, कार्तिकी आणि अनंत चतुर्दशी दरवर्षी सरकतात. मतदान संपण्याआधी ४८ तास दारू बंद असते. सीमाभागात यात आणखी एक फाटा: पलीकडे कर्नाटकात निवडणूक असली की सीमेलगतची इकडची दुकानंही बंद ठेवायचे आदेश निघतात. कागलमध्ये बंद दिसलं म्हणून गावात बंद असेल असं नाही, पण विचारून निघालेलं बरं.

अकरानंतर काय? मध्यवर्ती स्टँड आणि रेल्वे स्टेशनच्या मधल्या पट्ट्यात चहा, ऑम्लेट-पाव, बुर्जीच्या गाड्या जागत असतात. बुर्जी घेताना तवा बघा. काळी खरवड सुटत असेल तर ऑम्लेट मागा, त्याला कडेची जागा मिळते. पोटभर जेवायचं असेल तर तावडे हॉटेल चौक, शिरोली, उचगावकडचे हायवे ढाबे. तिथं जायचं तर रिक्षा ठरवून, परतीसकट भाडं आधी बोलून. मध्यरात्रीनंतर दर वाढतो आणि ढाब्यावरून परत यायला रिक्षा सापडत नाही, ही इथली सगळ्यात मोठी खोट. स्वतः गाडी चालवायची असेल तर प्यायचं नाही. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की पहिल्याच वेळेला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. दोन लार्ज घेतलेला माणूस सहज त्या रेषेपार असतो.

जुलै-ऑगस्टमध्ये येत असाल तर जेवणाआधी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघा. ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी, ४३ ही धोक्याची. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता. ढाबा राहू द्या, पुण्याची वाटच बंद होती. इशारा पातळी ओलांडली असेल तर लॉज स्टँडच्या आसपास घ्या, गंगावेशीकडे नको. नवरात्रात उलटं संकट: पाणी नाही, खोली नाही. अंबाबाईच्या दर्शनाला आलेल्या गर्दीत लॉजचे दर चढतात, आणि नऊ दिवस रश्शाच्या किटल्याही थंडच असतात.

लॉज शक्यतो शाहूपुरीत किंवा स्टेशन रोडला घ्या. देवळापासून दोन-अडीच किलोमीटर लांब पडतं, पण रात्री सगळं खाणं पायी होतं आणि सकाळची बस हाताशी. खोली वरच्या मजल्यावर, रस्त्याच्या उलट्या बाजूला मागा. ट्रॅव्हल्सच्या गाड्यांचे हॉर्न अकरापर्यंत चालतात.

उतरलेल्या डोक्याला सकाळी मिसळ लागते. उद्यमनगरात फडतरे, महाद्वार भागात चोरगे, कसबा बावड्यात बावडा मिसळ, ज्याला जे जवळ पडेल ते. इथं पावाऐवजी स्लाइस ब्रेड येतो आणि रश्शाला कट म्हणतात. कट वेगळ्या भांड्यात मागा, मोड आलेल्या मटकीवर एकदम ओतू नका; शेव खाली दबून लगदा होतो. दहाच्या आत पोचा. दुपारी कट उरलेला असतो, पण तो सकाळच्या कटात पाणी वाढवून केलेला असतो, आणि रात्री पांढऱ्यावर शिकलेली चमच्याची परीक्षा तिथंही लागू पडते.